मतपत्रिकेच्या मागच्या पानावरचा बाँड: काउंटी कर्ज कशी काढते

२५ ऑगस्ट २०१८, शनिवार. हार्वे वादळ टेक्ससच्या किनाऱ्यावर धडकलं त्याला त्या दिवशी बरोबर एक वर्ष झालं होतं. ह्यूस्टन ज्या हॅरिस काउंटीत येतं तिने तोच दिवस निवडून मतदारांपुढे एकच प्रश्न ठेवला: पूरनियंत्रणासाठी २.५ अब्ज डॉलरपर्यंतचे बाँड, म्हणजे कर्जरोखे, काढायला तुमची परवानगी आहे का? शंभरातल्या पंच्याऐंशीहून जास्त मतदारांनी 'हो' म्हटलं. दिवाणखान्यात पाणी शिरलेलं पाहिलेल्या माणसाला त्या प्रश्नाचा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

एरवी मात्र असं होत नाही. नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्षापासून स्थानिक न्यायाधीशांपर्यंत नावांची लांबलचक यादी संपते, आणि मतपत्रिकेच्या मागच्या पानावर वकिली भाषेतलं एक लांब वाक्य येतं: काउंटीने अमुक रकमेचे जनरल ऑब्लिगेशन बाँड काढावेत काय, आणि ते फेडण्यासाठी मालमत्तेवर कर बसवावा काय? नुकतंच अमेरिकेचं नागरिकत्व मिळालेला आपला माणूस इथे थबकतो. मीही पहिल्या वेळी थबकलो होतो, आणि ती चौकट कोरी ठेवून पुढे गेलो होतो. त्याची रुखरुख लागली म्हणून काउंटीच्या सभांना जाऊन बसायला लागलो. तिथे जे कळलं ते पायरीपायरीने सांगतो.

एक प्रश्न शेवटपर्यंत हातात धरून ठेवा: हे कर्ज फेडणार कोण, आणि कुठल्या पैशातून? रक्कम, व्याजदर, पतमानांकन हे सगळं त्यानंतर.

आधी काउंटी म्हणजे कोण ते पाहू

काउंटीला आपण सवयीने जिल्हा म्हणतो, पण राजधानीतून नेमलेला जिल्हाधिकारी इथे नसतो. निवडून आलेलं मंडळ कारभार पाहतं. कॅलिफोर्नियात त्याला बोर्ड ऑफ सुपरवायझर्स म्हणतात, नॉर्थ कॅरोलायनात बोर्ड ऑफ कमिशनर्स. टेक्ससमध्ये कमिशनर्स कोर्ट असं नाव आहे आणि त्याच्या प्रमुखाला काउंटी जज म्हणतात, तरी तिथे बजेट ठरतं, कर ठरतो, कर्जाचे ठराव होतात. तुरुंग, न्यायालयाच्या इमारती, शहराबाहेरचे रस्ते, अनेक ठिकाणी सार्वजनिक रुग्णालय आणि वाचनालयं काउंटीकडे असतात. लुइझियानात काउंटीला पॅरिश म्हणतात, अलास्कात बरो. कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंडमध्ये काउंटी नकाशावर आहे, पण तिचं सरकार नाही.

नवख्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ शाळांवरून होतो. टेक्सस आणि कॅलिफोर्नियात शाळांचा कारभार स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे फक्त शाळांसाठीची वेगळी स्थानिक संस्था, पाहतं, आणि ते आपलं कर्ज आपण काढतं. नॉर्थ कॅरोलायनात मात्र शाळांच्या इमारतींसाठी काउंटीच कर्ज काढते. नोव्हेंबर २०२३ मध्ये शार्लट ज्या मेक्लेनबर्ग काउंटीत आहे तिथल्या मतदारांनी शाळांसाठी २.५ अब्ज डॉलरचे बाँड मंजूर केले, ते काउंटीचे होते. तेव्हा प्रश्न वाचताना कर्ज काढणाऱ्याचं नाव आधी पाहा. एकाच मतपत्रिकेवर काउंटी, शहर, शाळा आणि कम्युनिटी कॉलेज अशा चौघांचे बाँड असू शकतात, आणि चारही तुमच्या एकाच घरपट्टीत येऊन बसतात.

पायरी पहिली: यादी

कर्जाची सुरुवात मतपत्रिकेच्या दोन-तीन वर्षं आधी होते. काउंटीची खाती आपापल्या गरजा कळवतात. पूल खचलाय, तुरुंगाचं छप्पर गळतंय, रुग्णालयाला नवा मजला हवाय. त्यातून पाच-सहा वर्षांचा भांडवली आराखडा तयार होतो. कुठलं काम चालू उत्पन्नातून करायचं, कुठल्याला राज्याचं किंवा केंद्राचं अनुदान मिळेल आणि कशासाठी कर्ज काढायचं हे त्यातच लिहिलेलं असतं.

इथला मूळ नियम आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे: ऋण काढून सण करू नये. पगार, पेट्रोल, कागद-शाई यांसाठी दीर्घ मुदतीचं कर्ज काढणं चुकीचं मानतात. तीस वर्षं टिकणाऱ्या पुलाचा खर्च तीस वर्षं त्यावरून जाणाऱ्यांनी वाटून घ्यावा, हे मला न्याय्य वाटतं. पाच वर्षांत भंगारात जाणाऱ्या गाड्या आणि संगणक वीस वर्षांच्या कर्जावर घेणं मात्र पुढच्या पिढीच्या खिशात हात घालणं आहे. यादी वाचताना वस्तूचं आयुष्य आणि कर्जाची मुदत शेजारी शेजारी ठेवून पाहा.

या आराखड्यावर जाहीर सुनावणी होते. तिला येणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात. तुमच्या भागातला नाला यादीत घालायचा असेल तर वेळ हीच. मतपत्रिका छापल्यावर फक्त हो किंवा नाही एवढंच उरतं. मत द्यायला नागरिकत्व लागतं, पण सुनावणीत बोलायला लागत नाही. ग्रीन कार्डवाले आणि एच-वन-बीवाले तिथे उभे राहू शकतात.

पायरी दुसरी: कर्जाचा प्रकार

इथे जरा सावकाश जाऊ. सगळ्या कर्जांना वर्तमानपत्रं सरसकट 'बाँड' म्हणतात, पण फेडणारा खिसा प्रत्येकाचा वेगळा असतो.

जनरल ऑब्लिगेशन, म्हणजे जीओ बाँड. यामागे काउंटीची पूर्ण पत आणि कर बसवण्याचा अधिकार उभा असतो. पैसे कमी पडले तर काउंटीने मालमत्ता कर वाढवून फेडायचं. देणेकऱ्याने आपली सगळी कमाई शब्दात गुंतवली, असं समजा. धोका कमी म्हणून व्याजही कमी, आणि तुमच्या घरावर थेट भार पडतो म्हणून बहुतेक राज्यांत मतदान लागतं.

रेव्हेन्यू बाँड एखाद्या ठरावीक उत्पन्नावर काढतात: पाणीपट्टी, सांडपाण्याचं बिल, विमानतळाचं भाडं, टोल. गुंतवणूकदाराला करातून काही मागता येत नाही. 'यात करदात्याचा एक पैसाही नाही' असं भाषणात सांगतात ते अशाच कर्जाबद्दल. वाक्य खरं आहे, पण सांडपाण्याचं बिल भरणारा आणि कर भरणारा माणूस बहुधा एकच असतो.

अलाबामातल्या जेफर्सन काउंटीत, म्हणजे बर्मिंगहॅम शहराच्या काउंटीत, हे फार महागात पडलं. नद्यांत मैला जातो म्हणून १९९६ मध्ये न्यायालयीन हुकूमनामा झाला आणि काउंटीला सगळी सांडपाण्याची व्यवस्था सुधारणं भाग पडलं. त्यासाठी अब्जावधी डॉलरचं कर्ज काढलं. अलाबामात अशा रोख्यांना वॉरंट म्हणतात. २००२ पासून काउंटीने त्यातली बरीचशी कर्जं स्थिर व्याजावरून बदलत्या व्याजावर नेली आणि सोबत व्याजदराच्या अदलाबदलीचे, स्वॅपचे, गुंतागुंतीचे करार केले. २००८ च्या मंदीत त्या रोख्यांचा विमा उतरवणाऱ्या कंपन्यांचीच पत घसरली आणि काउंटीचं व्याज भडकलं. नोव्हेंबर २०११ मध्ये काउंटीने दिवाळं जाहीर केलं. कर्ज ४ अब्ज डॉलरहून जास्त होतं. तोवरचं ते कुठल्याही स्थानिक सरकारचं सगळ्यात मोठं दिवाळं होतं, पुढे २०१३ मध्ये डेट्रॉइटने तो आकडा मागे टाकला. काउंटी आयोगाचे माजी प्रमुख लॅरी लँगफर्ड यांना या व्यवहारांतल्या लाचखोरीबद्दल १५ वर्षांची शिक्षा झाली. आणि सांडपाण्याचं बिल? ते काही पटींनी वाढलं, तेही बर्मिंगहॅमच्या गरीब वस्त्यांतसुद्धा. हे वाचलं तेव्हापासून 'व्याज स्थिर आहे की बदलतं' हे मी कुठल्याही सभेत आधी विचारतो.

तिसरा प्रकार भाडेपट्टीचा: सर्टिफिकेट ऑफ पार्टिसिपेशन किंवा लीज रेव्हेन्यू बाँड. यात काउंटी आपली एखादी इमारत एका ना-नफा संस्थेला भाड्याने देते आणि तीच इमारत तिच्याकडून परत भाड्याने घेते. या भाड्याच्या भरवशावर गुंतवणूकदारांकडून पैसे उभे राहतात, आणि दरवर्षीचं भाडं हाच कर्जाचा हप्ता. हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? कॅलिफोर्नियात राज्यघटनेने कर्जाला मतदारांची मंजुरी सांगितली आहे, पण वर्षावर्षाने द्यायचं भाडं 'कर्ज' धरलं जात नाही, असं तिथल्या न्यायालयांनी मानलं आहे. म्हणून मतदानाशिवाय काउंटीची नवी इमारत उभी राहू शकते. हे कायदेशीर आहे आणि कित्येकदा गरजेचंही असतं. पण नवा कर मिळत नसल्याने भाडं नेहमीच्या तिजोरीतून जातं, म्हणजे वाचनालयाच्या आणि दवाखान्याच्या पैशाशी त्याची स्पर्धा असते. मतदान नाही म्हणून या कर्जाकडे कुणाचं लक्षही नसतं. माझ्या मते सगळ्यात जास्त लक्ष द्यावं ते इथेच.

टेक्ससमध्ये याचा भाऊ आहे: सर्टिफिकेट ऑफ ऑब्लिगेशन. यात मालमत्ता कर गहाण पडतो, तरी मतदान आपोआप होत नाही. काउंटीला आधी जाहीर नोटीस द्यावी लागते, आणि पात्र मतदारांपैकी ५ टक्क्यांनी सहीचा अर्ज दिला तरच निवडणूक घ्यावी लागते. मोठ्या काउंटीत ५ टक्के म्हणजे लाखाच्या घरातल्या सह्या. त्यामुळे नोटीस वेळेवर वाचणाऱ्यालाच काही करता येतं.

हातउसने पैसेही असतात. घरपट्टी वर्षात एकदोनदाच येते, पगार मात्र दर महिन्याला द्यावे लागतात. मधली फट बुजवायला काउंटी येणाऱ्या कराच्या भरवशावर अल्प मुदतीच्या नोटा काढते आणि कर जमा झाला की फेडते. यात गैर काही नाही. दरवर्षी ही रक्कम वाढत चालली असेल तर मात्र घरात काहीतरी बिघडलंय. कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज काउंटीने १९९४ मध्ये ६० कोटी डॉलरच्या नोटा काढून ते पैसे स्वतःच्याच गुंतवणूक निधीत घातले, अधिक व्याज मिळेल म्हणून. खजिनदार रॉबर्ट सिट्रॉन यांनी तो निधी उसन्या पैशांनी फुगवलेला होता. व्याजदर चढले, सुमारे १.६ अब्ज डॉलर बुडाले आणि ६ डिसेंबर १९९४ ला इतकी श्रीमंत काउंटी दिवाळखोर झाली. पुढच्या जूनमध्ये विक्रीकर वाढवून भरपाई करायचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला.

उरला कंड्यूट बाँड. काउंटी फक्त आपलं नाव देते, पैसे एखादं रुग्णालय, महाविद्यालय किंवा परवडणाऱ्या घरांचा बांधकामवाला उचलतो आणि तोच फेडतो. काउंटीवर देणं येत नाही. बातमीत आकडा मोठा दिसला तरी घाबरू नका.

पायरी तिसरी: मंजुरी

प्रत्येक राज्याची रीत निराळी. कॅलिफोर्नियात काउंटीच्या जीओ बाँडला दोन-तृतीयांश मतं लागतात. शाळांच्या बाँडला २००० सालच्या बदलानंतर ५५ टक्के पुरतात. सॅन होजे, सनीव्हेल, क्युपर्टिनो ज्या सँटा क्लारा काउंटीत आहेत तिथे नोव्हेंबर २०१६ मध्ये परवडणाऱ्या घरांसाठी ९५ कोटी डॉलरच्या बाँडचा प्रस्ताव, मेझर ए, जेमतेम ६८ टक्क्यांच्या आसपास मतं मिळवून पार झाला. दीड टक्का इकडचा तिकडे झाला असता तर तो पडला असता. तिथे आपली मराठी माणसं किती आहेत ते पाहा, म्हणजे एका मताचं वजन कळेल.

नॉर्थ कॅरोलायनात मतदारांबरोबर राज्याचीही संमती लागते. महामंदीच्या काळात, १९३१ मध्ये, तिथे लोकल गव्हर्नमेंट कमिशन स्थापन झालं. काउंटीला कर्ज झेपेल का हे ते तपासतं आणि बाँडची विक्रीही तेच करतं. शिस्त म्हणून ही पद्धत मला फार आवडते. टेक्ससमध्ये बाँड बाजारात जाण्याआधी राज्याच्या ॲटर्नी जनरलची कायदेशीर मान्यता लागते.

मतदारांनी परवानगी दिली म्हणजे पैसे दुसऱ्या दिवशी उचलले असं होत नाही. ती वरची मर्यादा असते. हॅरिस काउंटीचे २.५ अब्ज डॉलर दहा-पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने उचलायचे असंच ठरलेलं होतं. कामं जसजशी तयार होतील तसतसं कर्ज, म्हणजे न वापरलेल्या पैशावर व्याज पडत नाही.

आपल्याकडच्या वाचकांना तुलना हवी असेल तर पुण्याची घ्या. पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी २०० कोटी रुपयांचे दहा वर्षांचे रोखे ७.५९ टक्क्यांनी काढले. नागरिकांचं मतदान तिथे झालं नाही. इथे तो हक्क हातात आहे.

पायरी चौथी: टेबलाभोवतीची माणसं

मंजुरीनंतर काउंटीचा वित्त अधिकारी माणसं जमवतो. बाँड कौन्सिल हा वकील: कर्ज कायदेशीर आहे आणि त्याचं व्याज करमुक्त आहे असं लेखी मत तो देतो, त्याच्या सहीशिवाय बाजारात कुणी रोखा घेत नाही. म्युनिसिपल ॲडव्हायझर हा सल्लागार. २०१० च्या डॉड-फ्रँक या वित्तसुधारणा कायद्यापासून त्याला नोंदणी करावी लागते आणि काउंटीचं हित स्वतःच्या हिताआधी ठेवणं त्याच्यावर बंधनकारक आहे. अंडररायटर म्हणजे काउंटीकडून रोखे घेऊन पुढे गुंतवणूकदारांना विकणारी पेढी. ती सचोटीने वागायला बांधलेली असते, पण तिचा नफा तुमच्याशी झालेल्या सौद्यातूनच येतो. घर घेताना विकणाऱ्याच्या दलालाकडून 'किंमत रास्त आहे ना?' असं आपण विचारत नाही, तसंच हे.

म्हणून सभेत विचारायचा साधा प्रश्न: काउंटीने स्वतंत्र सल्लागार नेमलाय का? नसेल तर कुणाच्या सांगण्यावरून ही रचना ठरली?

पायरी पाचवी: पत

मूडीज, एस अँड पी, फिच यांसारख्या संस्था काउंटीची पत जोखतात. गंगाजळी किती, लोकांचं उत्पन्न किती, एखाद्याच कारखान्यावर काउंटी उभी आहे का, निवृत्तिवेतनाचं देणं किती साचलंय, आणि कारभारी बजेट पाळतात का हे पाहून 'ट्रिपल ए'पासून खाली श्रेणी देतात.

हिशोबच करून पाहू. १० कोटी डॉलर, २० वर्षं, दरवर्षी समान हप्ता. व्याज ४ टक्के असेल तर वर्षाला साधारण ७३.६ लाख डॉलर जातात. पत थोडी कमी म्हणून ४.२५ टक्के पडलं तर ७५.२ लाख. पाव टक्क्याचा फरक २० वर्षांत सुमारे ३३ लाख डॉलर होतो. गंगाजळी राखणाऱ्या काउंटीची ही कमाई कुणाच्या डोळ्यात भरत नाही, पण ती खरी असते.

मुदतीचा फरक तर याहून मोठा. तेच १० कोटी ४ टक्क्यांनी ३० वर्षांसाठी घेतले तर हप्ता ५७.८ लाखांवर उतरतो आणि सगळ्यांना बरं वाटतं. पण २० वर्षांत एकूण व्याज सुमारे ४.७ कोटी होतं, ३० वर्षांत ७.३५ कोटी. आणि २० वर्षांतच दरवर्षी मुद्दलाचे समान ५० लाख फेडत गेलं तर पहिल्या वर्षी ९० लाख द्यावे लागतात, पण एकूण व्याज ४.२ कोटींवर थांबतं. घराच्या कर्जाचे हप्ते लावताना आपण रात्र रात्र जागून हा हिशोब करतो, काउंटीचाही करावा.

हप्ते पुढे ढकलण्याचा मोह कुठवर जातो? सॅन डिएगो काउंटीतल्या पोवे स्कूल डिस्ट्रिक्टने २०११ मध्ये सुमारे १०.५ कोटी डॉलर उचलले. पहिली जवळजवळ वीस वर्षं काहीच न फेडण्याची सोय होती. शेवटी फेडायची रक्कम झाली एक अब्जाच्या जवळपास. त्यावर इतका गहजब झाला की २०१३ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून अशा रोख्यांची मुदत २५ वर्षांवर आणि एकूण परतफेड मुद्दलाच्या चौपटीवर बांधली.

पायरी सहावी: विक्री

विक्रीआधी काउंटी ऑफिशियल स्टेटमेंट नावाचं जाडजूड पुस्तक काढते. जमीन घेताना आपण सातबारा पाहतो, तसा हा काउंटीचा सातबारा: उत्पन्न, जुनी कर्जं, मोठे करदाते, चालू खटले, निवृत्तिवेतनाचं देणं, सगळं त्यात. दोनशे पानं पाहून दचकू नका. पहिलं पान, 'सिक्युरिटी' म्हणजे तारणाचा भाग, वर्षवार हप्त्यांचं कोष्टक आणि जोखमींचा भाग एवढं वाचलं तरी पुरे.

विक्री दोन रीतींनी होते. लिलावात ठरल्या वेळी पेढ्या ऑनलाइन बोली लावतात आणि काउंटीला एकूण खर्च सगळ्यात कमी पडेल त्या बोलीला रोखे जातात. वाटाघाटीच्या विक्रीत अंडररायटर आधीच निवडलेला असतो. ओळखीच्या, चांगली पत असलेल्या काउंटीने साधे जीओ बाँड लिलावातच विकावेत असं माझं ठाम मत आहे. गुंतागुंतीच्या किंवा अडचणीतल्या कर्जाला गिऱ्हाईक शोधावं लागतं, तिथे वाटाघाट समजू शकतो. लहान रकमांसाठी काउंटी थेट बँकेकडूनही कर्ज घेते.

रोखे सहसा ५,००० डॉलरच्या पटीत असतात, व्याज सहा महिन्यांनी मिळतं. त्यावर केंद्राचा प्राप्तिकर बहुधा लागत नाही, आणि बहुतेक राज्यांत आपल्याच राज्यातले रोखे घेणाऱ्याला राज्याचाही कर माफ असतो. म्हणून श्रीमंत गुंतवणूकदार कमी व्याज चालवून घेतो आणि काउंटीला कर्ज स्वस्त पडतं.

या सवलतीच्या बदल्यात अटी आहेत. करमुक्त व्याजाने पैसे उचलून ते जास्त व्याजाने गुंतवून मधला नफा खाता येत नाही. रोखे काढताना तीन वर्षांत किमान ८५ टक्के रक्कम कामावर खर्च होईल अशी वाजवी अपेक्षा असावी लागते. 'काम तयार नाही, पण व्याज कमी आहे तर उचलून ठेवू' हा युक्तिवाद म्हणूनच चालत नाही.

पायरी सातवी: फेड, आणि तुमचं बिल

आता तुमचं कराचं बिल काढा. टेक्ससमध्ये काउंटीच्या कराच्या दराचे दोन भाग असतात: चालू कारभाराचा एम अँड ओ आणि कर्जफेडीचा आय अँड एस. दुसरा भाग म्हणजे तुम्ही फेडत असलेला बाँड. वरच्या उदाहरणात काउंटीतल्या करपात्र मालमत्तेचं मूल्य ५० अब्ज डॉलर असेल तर ७३.६ लाखांचा हप्ता शंभर डॉलरला सुमारे दीड सेंट पडतो, म्हणजे ४ लाखांच्या करपात्र घराला वर्षाला ५९ डॉलर. प्रचारात 'दिवसाला एका कॉफीहून कमी' असं म्हणतात, तेव्हा हा भागाकार स्वतः करून पाहा.

कॅलिफोर्नियात १९७८ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन १३ या घटनादुरुस्तीमुळे मूळ कर १ टक्क्यावर बांधलेला आहे आणि मतदारांनी मंजूर केलेली कर्जं त्यावर वेगळ्या ओळींत येतात. पण तिथली खरी गोम मूल्यांकनात आहे. घराचं करपात्र मूल्य वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढत नाही, आणि घर विकलं गेलं की नव्या किमतीवर जातं. समजा शेजारच्यांनी घर चाळीस वर्षांपूर्वी घेतलं आणि त्यांचं करपात्र मूल्य ३ लाख आहे. तुम्ही तसंच घर गेल्या वर्षी १८ लाखांना घेतलंत. एकाच बाँडसाठी तुम्ही सहापट भरणार. नव्याने घर घेणाऱ्या आपल्या तरुण जोडप्यांच्या हे लक्षात येत नाही, आणि मत द्यायला मात्र चाळीस वर्षं राहिलेले शेजारी नेमाने जातात. भाड्याने राहणाऱ्यांनीही आपण यात नाही असं समजू नये. घरमालकाचा कर भाड्यात उतरतोच.

साधारण दहा वर्षांनी काउंटीला जुने रोखे मुदतीआधी परत घेऊन कमी व्याजाचे काढता येतात. घराचं रिफायनान्स करतो तेच हे. त्यासाठी दोन गोष्टी पाहायच्या: खर्च वजा जाता बचत किती, आणि मुदत गुपचूप वाढवली का?

कर्ज असेपर्यंत काउंटीला दरवर्षी आपला आर्थिक अहवाल प्रसिद्ध करावा लागतो, आणि पत घसरली किंवा हप्ता चुकला तर दहा कामकाजाच्या दिवसांत कळवावं लागतं. हे सगळं एम्मा नावाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. म्युनिसिपल सिक्युरिटीज रूलमेकिंग बोर्ड ते चालवतं. राज्य निवडा, काउंटीचं नाव टाका, बाँडची यादी उघडेल. एखादा बाँड निवडून पाहा: हप्त्यांचं कोष्टक कधी संपतं, आणि शेवटचा वार्षिक अहवाल कोणत्या वर्षाचा आहे? अहवाल रेंगाळलेला दिसला तर मंडळाच्या पुढच्या सभेत सार्वजनिक निवेदनासाठी नाव नोंदवा. बहुतेक ठिकाणी दोन-तीन मिनिटं मिळतात. नाव पुकारलं की बाँडचं वर्ष, रक्कम आणि कोष्टकाचा पान क्रमांक सांगून सुरुवात करा, आणि प्रश्न लेखी स्वरूपात कारकुनाकडे द्या, म्हणजे तो सभेच्या दप्तरात राहतो.